ज्यांचे वाक्य जुळत नाही

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त वडोदरे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या सोहळ्यात मी 'मातृभाषेचे जतन' या विषयावर बोलावे, असे निमंत्रणपत्रात लिहिले होते. विषय मोठा आहे, आणि त्यावर माझ्याहून अधिकाराने बोलणारी माणसे याच सभागृहात पहिल्या रांगेत बसलेली मला दिसत आहेत. म्हणून आपल्या परवानगीने मी त्याचा एक लहानसा कोपराच तेवढा घेणार आहे. मातृभाषा जतन करा असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे जी मुले असतात, ती गणेशोत्सवात भाषण करणारी, वक्तृत्वस्पर्धेचे बक्षीस घेऊन जाणारी मुले असतात. मी ज्यांच्याविषयी सांगणार आहे ती मुले स्पर्धेला नाव देत नाहीत. आपण घरी गेलो की ती आतल्या खोलीत जातात. "जरा लाजरा आहे," असे आई सांगते, आणि आपणही ते खरे मानून चहा घेतो.

१९९१ सालची गोष्ट आहे. मी तेव्हा एका गुजराती माध्यमाच्या प्राथमिक शाळेत तिसरीचा वर्ग शिकवीत असे. वर्गात आपल्यापैकीच एका घरचा मुलगा होता, आठ वर्षांचा. घरी मराठी, शाळेत आणि पोळीत गुजराती. पोळीत म्हणजे गल्लीत, हे बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी सांगते. वडोदऱ्याची पोळ ताटात नसते. बेरीज-वजाबाकीत मुलगा कच्चा नव्हता. हाताचा तर इतका कुशल, की उत्तरायणाच्या आधी आठ दिवस सारी मुले किन्ना बांधून घ्यायला त्याच्या ओट्यावर गर्दी करीत. बोलणे मात्र तुटक. दोन-तीन शब्द आणि मग हातवारे. मी त्याला आळशी समजत होते.

एके दिवशी मधल्या सुटीत मारामारी झाली. दोन सदरे फाटले. मी दोघांना पुढे उभे केले आणि याला विचारले, कोणी मारले? तो म्हणाला, "में मार्यो." मी मारले. इतका स्वच्छ कबुलीजबाब मिळाल्यावर अधिक चौकशी ती काय करायची? शाळा सुटेपर्यंत मी त्याला वर्गाबाहेर उभे केले. दुसऱ्या दिवशी त्या दुसऱ्या मुलाच्याच मित्राने खरी हकीकत सांगितली. याने हातही उचलला नव्हता. त्याला म्हणायचे होते, "मने मार्यो." मला मारले. फरक काय तो एका अक्षराचा. पुढे त्याच्या आईकडून कळले की घरी जाऊन त्याने मराठीत तेच सांगितले होते, "मी मारलं," आणि तिथेही दोन धपाटे खाल्ले होते. एकाच दिवशी दोन भाषांतून त्याने एका अपराधाची कबुली दिली, आणि अपराध त्याचा नव्हता.

माझी चूक इथेच थांबली असती तर मी ती आज सर्वांसमक्ष सांगितली नसती. त्या माउलीला मी शाळेत बोलावून मोठ्या आत्मविश्वासाने सल्ला दिला. "दोन भाषांनी पोराचा गोंधळ होतो आहे. घरी मराठी बंद करा. एक गुजरातीच ठेवा." त्या काळी हा सल्ला सर्रास दिला जाई, आजही दिला जातो, आणि देणारी माणसे वाईट नसतात. तिने तो निष्ठेने पाळला. तिला स्वतःला बाजारहाटापुरते गुजराती येत होते, म्हणून मुलाच्या कानावर आईचे अडखळते, अर्धेमुर्धे गुजराती पडू लागले. घरात सातारकडची आजी होती, तिला मराठीखेरीज काही येत नव्हते. पुढे दीड-दोन वर्षे त्या घरात आजी आणि नातू एकमेकांशी खुणांनी बोलत. मुलाची गुजराती सुधारली नाही. मराठी मात्र गेली.

त्या मुलाला काय झाले होते याला आज नाव आहे. इंग्रजीत त्याला डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर म्हणतात, आणि अलीकडे डीएलडी या तीन अक्षरांनी तो ओळखला जातो. आपण भाषाविकासाचा विकार म्हणू. पूर्वी याला निरनिराळे तज्ज्ञ निरनिराळी नावे देत, त्यामुळे आईबापांना काहीच उलगडत नसे. डोरोथी बिशप या विदुषींच्या पुढाकाराने इंग्रजी बोलणाऱ्या अनेक देशांतील तज्ज्ञांनी २०१६ आणि २०१७ साली बसून हे एक नाव पक्के केले. मूल ऐकते, त्याला समज आहे, खेळते, हिशेब करते, माणसांत मिसळू पाहते. पण भाषा, आणि भाषेतही विशेषेकरून व्याकरण, त्याच्या ठिकाणी इतर मुलांसारखे आपोआप उगवत नाही. हा आळस नव्हे, हट्ट नव्हे, आणि आईच्या संगोपनातील उणीवही नव्हे. पुष्कळदा हा विकार घराण्यात चालत आलेला असतो. आणि दोन भाषा ऐकल्याने तो होत नाही.

तो किती मुलांत असतो? अमेरिकेत आयोवा आणि आसपासच्या भागात ७,२१८ बालवर्गीय मुलांची पाहणी झाली, तिचा निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाला. शेकडा सातांहून किंचित अधिक मुलांत ही अडचण सापडली. इंग्लंडमध्ये सरे परगण्यातील पाहणीतही, २०१६ साली, शेकडा साडेसाताच्या घरातच आकडा आला. आपल्या एखाद्या बालवाडीत साठ मुले धरली तर त्या हिशेबाने चार. अमेरिकेच्या पाहणीतील दुसरा एक आकडा मला अधिक बोचतो. ज्या मुलांत विकार सापडला त्यांपैकी शेकडा २९ मुलांच्याच आईबापांना त्यापूर्वी कोणी काही सांगितले होते. बाकीची मुले सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वावरत होती, आणि कोणाला पत्ता नव्हता.

आता व्याकरण म्हटले की आपणांस मोरो केशव दामले यांचा १९११ सालचा तो जाडजूड ग्रंथ आठवतो, किंवा छडी घेतलेले मास्तर आठवतात. पण गंमत अशी, की दामल्यांनी इतक्या परिश्रमाने जे नियम लिहून काढले त्यांतले बहुतेक पाच वर्षांचे पोर रोज पाळीत असते, आणि त्याला ते कोणी शिकविलेले नसते. जीन बर्को नावाच्या अमेरिकन बाईंनी १९५८ साली हे फार सुंदर रीतीने दाखवून दिले. त्यांनी एका विचित्र पाखराचे चित्र काढले, त्याला 'वग' असे मनचे नाव दिले, मग दोन पाखरे दाखवून मुलांना विचारले, आता हे दोन काय? मुलांनी 'वग्ज' म्हणून सांगितले. जो शब्द जगात कोणी उच्चारला नव्हता त्याचे अनेकवचन मुलांनी केले, तेव्हा ते पाठांतर नसून आतला नियमच होता हे सिद्ध झाले. मी निवृत्त झाल्यावर हा प्रयोग आपल्या मराठी मुलांवर करून पाहिला. एक लठ्ठ, तीन पायांचा प्राणी काढला आणि म्हटले, हा गुपा. दोन काढून विचारले. मुले लगेच म्हणाली, दोन गुपे. एक मुलगी तर न विचारता म्हणाली, "गुप्याला शेपूट नाही." आंबा-आंब्याला, घोडा-घोड्याला हे सामान्यरूप तिला कोणी शिकविले होते? कोणीही नाही. साध्या मुलाच्या कानातून भाषा आत जाते आणि नियम आपोआप गाळून खाली बसतात. आपल्या या मुलांत ती गाळणीच फार सावकाश चालते. त्यांना शब्द भेटतात, शब्दांच्या शेवटची ती बारीक अक्षरे हाती लागत नाहीत. ने, ला, ली, त, च्या. उच्चारायला क्षणभर, ऐकू येतात न येतात अशी. आणि वाक्यातील सारा कारभार तर त्यांच्याच हाती असतो. कोणी मारले आणि कोणी मार खाल्ला हे तीच ठरवितात.

इंग्रजी बोलणाऱ्या मुलाची अडचण निराळ्या ठिकाणी असते. त्याच्या भाषेत प्रत्यय थोडे, आणि तेच गळतात. काल चालत गेलो हे सांगतानाही ते क्रियापदाचा भूतकाळाचा प्रत्यय लावीत नाही. इटालियन मुलांत क्रियापदांची रूपे पुष्कळशी शाबूत राहतात, आणि क्रियापदाला चिकटणारी लहान सर्वनामे व नामांमागची उपपदे गळतात. लॉरेन्स लिओनार्ड या अमेरिकन संशोधकांनी अशा अनेक भाषांचा मेळ घालून दाखविले आहे, की विकार एकच, पण प्रत्येक भाषेत तो त्या भाषेच्या नाजूक जागी दिसतो. यातून एक गोष्ट उघड होते. इंग्रजी पुस्तकातला धडा उचलून मराठी मुलापुढे ठेवला तर भागणार नाही. आमचे प्रयोग, आमची तीन लिंगे, आमची सामान्यरूपे, यांचा विचार आम्हालाच केला पाहिजे.

दोन भाषांविषयीची भीती तर काढूनच टाकली पाहिजे, कारण या शहरात ती घरोघर आहे. कॅनडातील माँट्रियल भागात फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषा लहानपणापासून बोलणारी, हा विकार असलेली सात वर्षांच्या आसपासची मुले योहान पॅराडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. हाच विकार असलेल्या पण एकच भाषा बोलणाऱ्या मुलांशी त्यांची तुलना केली. २००३ साली निष्कर्ष आला. दुभाषी मुले दोन्ही भाषांत एकभाषी मुलांहून मागे नव्हती. दुसऱ्या भाषेचे ओझे त्यांच्यावर पडले नव्हते. मुले मोजकीच होती हे खरे, पण 'घरची भाषा बंद करा' म्हणणाऱ्या आमच्यासारख्यांपाशी तर एकाही मुलाचा पुरावा नव्हता.

उलट दोन भाषा असल्याचा पारखताना उपयोगच होतो. मूल घरी मराठी ऐटीत बोलत असेल आणि शाळेतले गुजराती किंवा इंग्रजी तेवढे अडखळत असेल, तर ते नवी भाषा शिकत आहे, त्याला वेळ द्यावा. जे मूल दोन्ही भाषांत अडखळते त्याच्याकडे लक्ष द्यावे. वहीला चोपडी म्हणणाऱ्या मुलाला विकारी ठरवू नका. ते वडोदऱ्याचे मराठी आहे, आणि मीही तेच बोलते.

आता शिकविण्याविषयी. सर्वांत आधी कान तपासून घ्यावेत, हे सांगायला नको असे वाटते, पण सांगते. त्यानंतर वाचोपचारतज्ज्ञाकडे जावे. मी स्वतः तज्ज्ञ नव्हे. निवृत्तीनंतर अशा एका बाईंच्या हाताखाली काही वर्षे मदतनीस म्हणून बसले, एवढाच माझा अधिकार.

लहान मुलांना नियम सांगून काही होत नाही. त्यांच्यासाठी त्या बाई जी रीत वापरीत ती दिसायला अगदी साधी आहे. मूल म्हणते, "ताई पडला." आपण काय करतो? "पडला नाही, पडली म्हण. म्हण पाहू, पडली." मूल एकदा म्हणते, दुसऱ्यांदा गप्प बसते, तिसऱ्यांदा आपल्याकडे येतच नाही. त्या बाई म्हणत, "अगंबाई, ताई पडली! कुठे पडली? धपकन पडली?" मुलाचेच वाक्य, मुलाचाच विषय, फक्त गळलेले अक्षर जागेवर बसवून लगेच परत द्यायचे, आणि म्हणून दाखविण्याचा आग्रह धरायचा नाही. आपण म्हणाल, हे तर प्रत्येक आई करते. करते खरी, पण दिवसातून चार-दोन वेळा, आणि दर वेळी निराळ्याच चुकीला. या मुलांना ते एका बैठकीत वीस-पंचवीस वेळा, एकाच प्रत्ययासाठी लागते.

त्यातही एक मर्म आहे. अॅरिझोना विद्यापीठात एलेना प्लांटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ लहान मुलांवर सहा आठवडे प्रयोग केला, तो २०१४ साली छापून आला. प्रत्येक बैठकीत मुलांना हवे ते रूप २४ वेळा असे परत दिले जाई. निम्म्या मुलांसाठी बारा क्रियापदे घेऊन प्रत्येक दोनदा वापरले. उरलेल्यांसाठी चोवीस निरनिराळी क्रियापदे घेतली. आम्हा मास्तरमंडळींची समजूत अशी, की थोडे घ्यावे आणि घोटून घ्यावे. निकाल उलट लागला. चोवीस निराळी क्रियापदे ऐकणारी मुले अधिक शिकली. कारण उघड आहे. तेच ते शब्द ऐकले की मूल तो शब्द पाठ करते. शब्द बदलत गेले आणि शेपूट तेच राहिले, की लक्ष शेपटाकडे जाते.

स्वयंपाकघरात याला काही खर्च येत नाही. पोळी लाटली. पोळी भाजली. अरे, पोळी फुगली! पोळी उलटली, तूप लावून पोळी गुंडाळली, दादाने पोळी पळवली, पोळी संपली. सात क्रियापदे झाली आणि ली सात वेळा कानावर पडली. दुसऱ्या आठवड्यात आंबा घ्यावा. आंबा धुतला, माचवला, पिळला, चोखला. मात्र दोन्ही एकदम नकोत. आणि मुलाला सोपे जावे म्हणून आपणच "शाळा जा, दप्तर घे, बाबा ये" असे मोडके बोलू नये. जी अक्षरे त्याला मिळत नाहीत तीच आपण त्याच्या ताटातून काढून घेतो.

मुले मोठी झाली, आठ-दहा वर्षांच्या पुढे गेली, की मात्र नियम उघडपणे, डोळ्यांना दिसेल असा शिकविता येतो. याची एक परंपरा आहे. इंग्लंडमध्ये सरे परगण्यात मूर हाउस नावाची अशा मुलांची शाळा आहे. तिथे जॉन ली यांनी १९७० च्या सुमारास वाक्यातील शब्दांना रंग देण्याची पद्धत बसविली. त्याच शाळेत पुढे सुझन एबल्स यांनी आकृत्यांची पद्धत तयार केली. वाक्यातला 'कोण' लंबगोलात, क्रियापदाचा भाग षट्कोनात, 'कुठे' अर्धवर्तुळात, अशी प्रत्येक भागाला आकृती. कानावरून निसटणारे वाक्य टेबलावर मांडून ठेवता येते, ते पळून जात नाही, हे तिचे मर्म. ११ ते १६ वर्षांच्या २७ मुलांवर या पद्धतीची आणि अर्थावर भर देणाऱ्या दुसऱ्या एका पद्धतीची कसोटी घेतली, आठवड्याला अर्धा तास, नऊ आठवडे. दोन्ही पद्धतींनी शिकलेली मुले पुढे गेली, आणि तीन महिन्यांनी पाहिले तेव्हाही शिकलेले टिकून होते. २००७ साली हे प्रसिद्ध झाले. सोळा वर्षांचा मुलगा म्हणजे वय उलटून गेले, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

ही पद्धत वाचल्यावर मी घरातल्या जुन्या लग्नपत्रिका काढल्या, कारण त्यांच्याइतका जाड कागद फुकट मिळत नाही, आणि मराठीसाठी माझी घरगुती जुळवाजुळव सुरू केली. लंबगोलावर 'मुलगा', चौकोनावर 'आंबा', षट्कोनावर 'खातो'. लंबगोलापासून षट्कोनापर्यंत लाल लोकरीचा धागा. मुलगा काढून मुलगी ठेवली की धागा ओढला जातो आणि 'खातो'चे 'खाते' करावे लागते. इथवर मुले सहज येतात. मग भूतकाळ. मुलाने आंबा खाल्ला, मुलाने पोळी खाल्ली, मुलाने केळे खाल्ले. खाणारा तोच, आणि क्रियापद तीन तऱ्हांनी बदलले! याला कर्मणी प्रयोग म्हणतात हे आपण परीक्षेपुरते पाठ केले होते. त्या मुलांना मी सांगितले, 'ने' हे झाकण आहे. खाणाऱ्यावर झाकण बसले, आता क्रियापदाला तो दिसत नाही, म्हणून ते पलीकडच्या खाऊकडे पाहते. धागा सोडा आणि चौकोनाला बांधा. एका नऊ वर्षांच्या मुलीने ते ऐकून स्टीलच्या डब्याचे खरेच झाकण आणून लंबगोलावर ठेवले. तेव्हापासून आमच्याकडे झाकणच आहे.

झाकणाचा खेळ पुढेही चालतो. मुलाने मुलीला मारले. 'ने' हे एक झाकण, 'ला' हे दुसरे. क्रियापदाला कोणीच दिसत नाही, तेव्हा ते 'मारले' म्हणून मोकळे होते. हाच तो भावे प्रयोग. गुजरातीत मात्र क्रियापद दुसऱ्या झाकणाखाली डोकावते, 'छोकरीने मारी' म्हणते. म्हणून दोन्ही भाषांची मांडणी एकाच टेबलावर एका दिवशी करू नये, हे मी एकदा फजिती झाल्यावर शिकले. आणि 'मी' तर भलताच लबाड. गुजरातीत 'हुं'चे 'में' होते, झाकण डोळ्यांना दिसते. मराठीत "मी आंबा खातो" आणि "मी आंबा खाल्ला" यांतला 'मी' तसाच्या तसा. झाकण आहे, पण काचेचे. ते सर्वांत शेवटी शिकवावे.

याने विकार बरा होतो, असे मी म्हणणार नाही. पुष्कळांच्या बाबतीत तो जन्मभर राहतो. एक रूप पक्के व्हायला महिने लागतात, आणि घाईत, रागात, परक्या माणसापुढे ते पुन्हा सुटते. पण ज्या रूपावर मेहनत घेतली ते बहुधा हाती येते, आणि कोणते रूप आधी घ्यावे हे आपण निवडू शकतो. मी माझ्या अनुभवावरून 'मी' आणि 'मला' आधी घेते. त्याचे कारण आपणांस ठाऊक झाले आहे.

आता न्यासाविषयी एक-दोन गोष्टी, कारण विश्वस्तांनी बोलावले आहे तर मागितल्याशिवाय जाऊ नये. म्हैसूरला १९६५ पासून वाचा व श्रवणाची अखिल भारतीय संस्था आहे, मुंबईत १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथून शिकलेली माणसे ठिकठिकाणी काम करतात. पण २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्यात जे २१ प्रकार सांगितले आहेत त्यांत या विकाराचे वेगळे नाव नाही, त्यामुळे दाखला मिळणे अवघड आणि दाखल्यावाचून सवलत अवघड. शाळेत हे मूल 'ढ' ठरते आणि सरकारदरबारी धडधाकट. अशा मधल्या मधे राहिलेल्यांसाठीच तर पूर्वजांनी न्यास काढले ना? या शहरात हे नवे नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते संस्थानभर नेले. पोराला शाळेच्या उंबरठ्याच्या आत आणण्याचे काम त्यांनी केले. आत आल्यावर ज्याला मास्तरांचे वाक्यच उमगत नाही त्याचे काय, हा प्रश्न त्या काळी कोणाला दिसला नसेल, आपल्याला दिसतो आहे.

माझी मागणी लहान आहे. खालची वाचनालयाची खोली शनिवारी दुपारी रिकामी असते, ती द्यावी. महिन्यातून दोनदा वाचोपचारतज्ज्ञ यावी, तिचे मानधन शिष्यवृत्तीच्या निधीतून द्यावे. आणि पोळ्यांच्या गोष्टी सांगायला आज्या हव्यात. आपल्याकडे आज्या पुष्कळ आहेत, आणि ज्या मुलांशी बोलायचे त्यांच्याच भाषेत त्या बोलतात. वक्तृत्वस्पर्धा जरूर चालू ठेवा. वडोदऱ्याच्या मराठी माणसाला स्पर्धेवाचून करमत नाही.

आता तो मुलगा. मोठा झाला, मोटारींचे वाइंडिंग करण्याचे काम शिकला, आज त्याचे स्वतःचे दुकान आहे. वाक्य अजूनही तुटते. गिऱ्हाइकाशी तो थोडके बोलतो आणि काम चोख करतो, त्यामुळे गिऱ्हाइके टिकून आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात तो माझ्या दारात उभा राहिला. शाळेत सगळे मला बेन म्हणत, तो अजूनही बेनच म्हणतो. बरोबर सात वर्षांची मुलगी होती. तो म्हणाला, "बेन, ही. माझ्यासारखी." मग थोडे थांबून म्हणाला, "घरी मराठी. बंद नाही करणार." मी मान खाली घातली. त्याने ते मला टोचायला म्हटले नव्हते, हे मला कळत होते. पण मी त्याची क्षमा मागितली, तेहेतीस वर्षांनी. तो ओशाळला आणि पंख्याकडे पाहून म्हणाला, "आवाज करतो. नीट करू?" आणि करून गेला.

मुलगी आठवड्यातून दोनदा येऊ लागली. लंबगोल, चौकोन, धागे, झाकण. पावसाळा गेला, नवरात्र गेले. उत्तरायणाच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे तिळगूळ घेऊन गेले होते. वर गच्चीवर पोरांचा गलका चालला होता, तेवढ्यात ही रडत जिन्यावरून खाली आली, एका हातात फाटलेला पतंग. बापाने विचारले, काय झाले? ती हुंदके देत म्हणाली, "दादाने मला मारलं."

बाप माझ्याकडे पाहू लागला, मी त्याच्याकडे. पोरीला जवळ घ्यायचे आम्हा दोघांनाही सुचेना. शेवटी तिनेच रागाने तेच वाक्य पुन्हा, अधिक मोठ्याने सांगितले, आणि मग कुठे तो उठून वर गेला.